विल्बर राइट : अडीच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा आकाशात



राइट बंधूंची गोष्ट आपण वर्गात सांगतो तेव्हा ती बहुतेक वेळा १७ डिसेंबर १९०३ ला येऊन थांबते. सायकलचं दुकान चालवणारे दोन भाऊ, समुद्राकाठची वाळू, बारा सेकंदांचं उड्डाण आणि गोष्ट संपली. मुलं खूश, आपणही खूश. पण त्या दिवशी हे उड्डाण बघायला तिथे फक्त पाच माणसं होती. जगाने विश्वास ठेवला तो जवळपास पाच वर्षांनी. आणि त्या पाच वर्षांतली अडीच वर्षं अशी होती की हे दोघे भाऊ एकदाही विमानात बसले नाहीत!

आज मी तुम्हाला थोरल्या भावाची, विल्बर राइटची गोष्ट सांगणार आहे. पण ती शोधाची नाही, तर परत येण्याची आहे. मोठ्या खंडानंतर सुटलेलं काम पुन्हा हातात घेताना माणसाचं काय होतं, हे त्याच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

बालपण आणि पहिला खंड

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलविल या गावाजवळ झाला. वडील मिल्टन राइट हे चर्चमध्ये बिशप होते. आई सुसान यांचा हात यंत्रांवर चांगला चालायचा, घरातल्या वस्तू त्या स्वतः दुरुस्त करायच्या. धाकटा भाऊ ऑर्विल १८७१ मध्ये जन्मला आणि सर्वांत धाकटी बहीण कॅथरीन १८७४ मध्ये. पुढे हे कुटुंब ओहायो राज्यातील डेटन शहरात स्थिरावलं.

विल्बर अभ्यासात हुशार आणि खेळातही पुढे. येल या नामांकित विद्यापीठात त्याला पाठवायचा विचार घरात चालू होता. पण अठरा-एकोणीस वर्षांचा असताना बर्फावर हॉकीसारखा खेळ खेळताना त्याच्या तोंडावर काठी बसली. पुढचे दात गेले. जखम भरली, पण तब्येत ढासळली. छातीत धडधड व्हायची, पोट बिघडायचं. येलचा विषय मागे पडला.

त्याच काळात आई क्षयाने आजारी होती. सुमारे तीन वर्षं विल्बर घरातच राहिला. आईची सेवा करायची आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची, एवढंच त्याचं जग. आई १८८९ मध्ये गेली. बाहेरच्यांना वाटलं असेल, हुशार पोरगा वाया गेला. पण तो काही रिकामा बसला नव्हता. इतिहास, विज्ञान, प्रवासवर्णनं, जे हाती येईल ते त्याने वाचून काढलं. कॉलेजची पदवी त्याला कधीच मिळाली नाही, पण स्वतः वाचून शिकायची सवय मात्र पक्की झाली.

पालकांनो, इथे जरा थांबा. एखादं मूल आजारपणामुळे मागे पडलं की आपण त्याची वर्षं मोजतो. त्या काळात त्याच्या आत काय साठलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

उडायला शिकणं

पुढे दोघा भावांनी आधी छापखाना आणि मग १८९२ मध्ये सायकलचं दुकान काढलं. १८९६ मध्ये जर्मनीचे ग्लायडरवीर ओटो लिलिएनथाल उड्डाणात पडून वारले. ती बातमी वाचून विल्बरच्या डोक्यात उडण्याचा विषय पक्का बसला. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून या विषयावरची माहिती मागवली.

त्या वेळी बरेच जण इंजिनाच्या ताकदीमागे लागले होते. राइट बंधूंनी वेगळा विचार केला. सायकल चालवणाऱ्याला तोल सांभाळता यायला हवा, तसंच विमान चालवणाऱ्यालाही. म्हणून १९०० ते १९०२ या तीन वर्षांत त्यांनी नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या किटी हॉक गावाजवळच्या वाळूवर ग्लायडर उडवून तोल शिकून घेतला आणि मगच इंजिन बसवलं. १९०३ च्या त्या दिवशी चार उड्डाणं झाली. पहिलं ऑर्विलचं १२ सेकंदांचं, शेवटचं विल्बरचं ५९ सेकंदांचं.

नंतरची दोन वर्षं त्यांनी डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणात सराव केला. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने त्या कुरणावर घिरट्या घालत ३९ मिनिटांत सुमारे ३९ किलोमीटर अंतर कापलं. पेट्रोल संपलं म्हणून उतरावं लागलं, नाहीतर अजून उडाला असता. त्या वेळी जगात दुसऱ्या कोणालाही याच्या जवळपास जाता येत नव्हतं.

आणि मग उडणं बंद!

तुम्ही म्हणाल, एवढं यश मिळाल्यावर उडणं थांबवलं कशाला? कारण अगदी व्यवहाराचं होतं. त्यांना अजून पेटंट मिळालेलं नव्हतं. कुणी येऊन यंत्र नीट बघितलं, फोटो काढले, तर वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या हाती जाणार. म्हणून त्यांनी ठरवलं की विकत घेणाऱ्याबरोबर करार झाल्याशिवाय विमान दाखवायचं नाही. विकत घेणारे म्हणायचे, आधी दाखवा, मग करार करू. असा हा तिढा.

पेटंट २२ मे १९०६ रोजी मिळालं, पण तिढा सुटला नाही. दिवस जात राहिले. भाऊ कारखान्यात नवी इंजिनं बनवत होते, पत्रव्यवहार करत होते, विल्बर युरोपला जाऊन वाटाघाटी करून आला. फक्त उडणं बंद होतं.

तिकडे जग थांबलं नव्हतं. १९०६ च्या शेवटी पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ यांनी लोकांसमोर विमान उडवलं. जानेवारी १९०८ मध्ये आंरी फार्मां यांनी एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला. फ्रान्समध्ये राइट बंधूंना सरळ सरळ थापाडे म्हटलं जाऊ लागलं. खरोखर उडता येत असतं तर दाखवलं नसतं का, असा सवाल.

अखेर १९०८ च्या सुरुवातीला दोन करार झाले. एक अमेरिकन लष्कराबरोबर, २५ हजार डॉलरचा, आणि दुसरा फ्रान्समधल्या एका व्यापारी गटाबरोबर. दोन्हीकडे अट अशी की विमानात दोन माणसं बसली पाहिजेत आणि हे सगळं लोकांसमोर करून दाखवलं पाहिजे. आता मागे फिरायला जागा नव्हती.

पुन्हा किटी हॉक

एप्रिल १९०८ मध्ये विल्बर किटी हॉकला परतला. बघतो तर छावणीची पार दैना झालेली, वादळांनी छपरं उडवलेली. आधी सुतारकाम करून राहायची सोय केली. मग १९०५ चं जुनंच विमान बाहेर काढलं.

पण विमान जुनं असलं तरी बसायची पद्धत नवी होती. पूर्वी वैमानिक खालच्या पंखावर पालथा झोपायचा आणि कंबर डावी-उजवीकडे हलवून पंखांना पीळ द्यायचा. आता दोन माणसं बसवायची म्हणून सरळ बसायच्या जागा केल्या आणि कंबरेचं काम हातातल्या दांड्यांकडे आलं. म्हणजे डोक्याला सगळं ठाऊक होतं, पण हातांना नवीन शिकायचं होतं. आणि कंबरेला जुनं विसरायचं होतं!

६ मे १९०८ रोजी विल्बरने खंडानंतरचं पहिलं उड्डाण केलं. किती? साधारण तीनशे मीटर. ज्याने अडीच वर्षांपूर्वी ३९ किलोमीटर उडवलं होतं, त्याने तीनशे मीटरपासून सुरुवात केली. मला या गोष्टीतला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढचे काही दिवस अशीच छोटी उड्डाणं झाली. लांब झाडीत लपून वार्ताहर बघत होते, पण त्यांच्यासाठी म्हणून भावांनी घाई केली नाही.

१४ मे ला त्यांचा मदतनीस चार्ली फर्नास दोघांबरोबर आळीपाळीने उडाला. राइट बंधूंच्या विमानात बसलेला तो पहिला प्रवासी. त्याच दिवशी दुपारी विल्बर एकटा उडाला. सात मिनिटांहून जास्त वेळ सगळं छान चाललं होतं. मग वर-खाली जाण्याचा दांडा त्याच्याकडून चुकीच्या बाजूला ढकलला गेला आणि विमान थेट वाळूत घुसलं. विल्बरला मुका मार लागला, खरचटलं. विमान मात्र मोडलं.

बघा, जगातला सगळ्यात अनुभवी वैमानिक, आणि चूक कुठली तर दांडा उलटा ढकलला. नवशिक्याची चूक. याचा अर्थ तो उडायला विसरला होता असा नाही. जुनी सवय आणि नवी सवय यांची ओढाताण असते, तेव्हा असंच होतं.

सराव जेमतेम आठवडाभराचा. दुसरं विमान बनवून पुन्हा सराव करायला वेळ नव्हता. विल्बर तिथूनच न्यूयॉर्कला गेला आणि २१ मे ला फ्रान्सच्या जहाजात बसला.

फ्रान्समधली परीक्षा

फ्रान्ससाठीचं विमान १९०७ मध्येच खोक्यांत भरून पाठवलेलं होतं. ल मान शहरात लिओं बोले या मोटार कारखानदाराने विल्बरला आपल्या कारखान्यात जागा दिली. खोकी उघडली आणि विल्बर हादरलाच. कापड फाटलेलं, लाकडी फासळ्या मोडलेल्या, सगळं एकात एक गुंतलेलं. त्याला वाटलं ऑर्विलने नीट भरलं नाही, म्हणून त्याने भावाला रागाचं पत्र लिहिलं. खरी नासधूस झाली होती ती बंदरावरच्या कस्टमच्या तपासणीत.

आठवडेच्या आठवडे दुरुस्तीत गेले. त्यात ४ जुलै रोजी इंजिनाची नळी सुटली आणि उकळतं पाणी विल्बरच्या डाव्या हातावर व अंगावर उडालं. चांगलाच भाजला. इकडे वृत्तपत्रं विचारत होती, हा माणूस उडणार तरी कधी? विल्बर गप्प. कारखान्यातल्या कामगारांबरोबर त्यांच्याच वेळेत काम करायचं आणि रात्री विमानाशेजारी शेडमध्ये झोपायचं, हा त्याचा दिनक्रम.

शेवटी शनिवार, ८ ऑगस्ट १९०८. ल मानजवळचं उनोदिएरचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. विल्बर ४१ वर्षांचा. किटी हॉकच्या अपघातानंतर जवळपास तीन महिने तो उडालेला नव्हता. हे विमान तर त्याने कधीच उडवलेलं नव्हतं. बघायला लुई ब्लेरिओ यांच्यासारखे उडणारे आले होते, आणि त्याला खोटा म्हणणारेही.

तो तासभर उडून दाखवू शकला असता का? कदाचित. पण तो उडाला १ मिनिट ४५ सेकंद. झाडांच्या वरून विमान कलतं करून वळवलं, मैदानावर दोन फेऱ्या मारल्या आणि अलगद उतरला. फ्रान्सच्या वैमानिकांना विमान असं तिरकं करून सफाईने वळवणं जमत नव्हतं. त्यांना क्षणात कळलं की हा माणूस आपल्या कितीतरी पुढे आहे. थापाड्या म्हणणाऱ्यांनी जाहीरपणे आपले शब्द मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी रविवार. बिशपच्या मुलाने रविवारी उडायचं नाही, हा घरचा नियम. सगळं फ्रान्स वाट बघत होतं, तरी तो उडाला नाही. सोमवारी पुन्हा सुरुवात. त्याच आठवड्यात उतरताना पुन्हा चूक झाली आणि डावा पंख मोडला. दांडे अजून हाताला पुरते बसले नव्हते. पंख दुरुस्त केला आणि पुन्हा छोटी छोटी उड्डाणं.

आनंदात आलेलं दुःख

विल्बर फ्रान्समध्ये असताना ऑर्विल वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर इथे लष्करासमोर उडत होता. १७ सप्टेंबर १९०८ रोजी प्रोपेलर तडकला आणि विमान कोसळलं. बरोबर बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मृत्यू पावले. ऑर्विलचा पाय आणि बरगड्या मोडल्या.

बातमी आली तेव्हा विल्बर उड्डाणाच्या तयारीत होता. त्याने उड्डाण रद्द केलं आणि शेडमध्ये जाऊन एकटाच बसला. आपण तिथे असायला हवं होतं, ही सल त्याला लागून राहिली. पण चार दिवसांनी, २१ सप्टेंबरला, तो पुन्हा उडाला आणि या वेळी १ तास ३१ मिनिटं हवेत राहिला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत २ तास २० मिनिटं उडून त्याने मिशेलिन करंडक जिंकला. मे महिन्यातले तीनशे मीटर आठवतात ना?

भावाचं परतणं

आता या गोष्टीतली आपल्या जवळची व्यक्ती. बहीण कॅथरीन ही डेटनच्या स्टील हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवायची. म्हणजे आपल्यासारखीच शिक्षिका! अपघाताची तार आली आणि ती शाळेतून रजा घेऊन निघाली. सात आठवडे दवाखान्यात भावाच्या उशाशी राहिली. डॉक्टरांशी बोलणं, पत्रं लिहिणं, भेटायला येणाऱ्यांना आवरणं, सगळं तिने पाहिलं. शाळेत शिकवायला ती पुन्हा गेली नाही.

ऑर्विल काठी टेकत चालू लागला. १९०९ च्या सुरुवातीला तो आणि कॅथरीन फ्रान्सला विल्बरकडे गेले. विल्बर तिथे नवे वैमानिक तयार करत होता. ऑर्विल तिथे उडाला नाही, नुसता बघत राहिला. कुणी त्याला घाई केली नाही.

जून १९०९ च्या अखेरीस ऑर्विल त्याच फोर्ट मायरच्या मैदानावर परतला, जिथे तो कोसळला होता. विल्बर बरोबर होता. लष्कराची राहिलेली परीक्षा विल्बर सहज देऊ शकला असता. त्या वेळी त्याच्याइतका सराव कुणाचाच नव्हता. पण त्याने दांड्याला हात लावला नाही. यंत्र तपासायचं, वारा बघायचा, बाजूला उभं राहायचं, एवढंच त्याने केलं. ऑर्विलची सुरुवातीची उड्डाणं अगदी आखूड झाली, मनासारखी झाली नाहीत. पण महिनाभरात तो प्रवाशासह तासाभराहून जास्त उडाला, आणि ३० जुलैला त्याने शेवटची चाचणीही पार केली. लष्कराने विमान विकत घेतलं.

मला विचाराल तर विल्बरचं सगळ्यात मोठं काम हे बाजूला उभं राहणं होतं. परतणं किती अवघड असतं ते त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने भावाची परीक्षा स्वतः दिली नाही.

अखेर

२५ मे १९१० रोजी दोघे भाऊ एकत्र उडाले. आयुष्यात एकदाच. दोघांपैकी एकजण तरी राहावा म्हणून ते एरवी एकत्र बसत नसत. त्याच दिवशी ८१ वर्षांचे वडीलही ऑर्विलबरोबर विमानात बसले. पुढे विल्बरचा वेळ पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत जाऊ लागला आणि उडणं पुन्हा मागे पडलं. या वेळी परत यायला अवधी मिळाला नाही. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने तो गेला. वय अवघं ४५.

आपल्यासाठी काय?

आज अमेरिकेत हौशी वैमानिकाचा परवाना एकदा मिळाला की त्याची मुदत संपत नाही. पण दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवर उजळणी आणि एक तास उड्डाण करून दाखवल्याशिवाय त्याला वैमानिक म्हणून उडता येत नाही. आणि मागच्या ९० दिवसांत तीनदा विमान चढवून उतरवलेलं नसेल, तर प्रवासी बसवता येत नाही. नियम साधा आहे. तू वैमानिक आहेस हे आम्ही नाकारत नाही, पण हाताला गंज चढतो हे तूही नाकारू नकोस.

आपल्या वर्गात हाच नियम आपण लावतो का? ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर गेलेली मुलगी चार-पाच महिन्यांनी परत येते. एखादा मुलगा मोठ्या आजारातून उठून येतो. पहिल्याच दिवशी आपण त्याला फळ्यापुढे उभं करतो, आणि अडखळला की सगळं विसरला असं म्हणून मोकळे होतो. तो विसरलेला नसतो. त्याचा हात मोडलेला नसतो, गंजलेला असतो. त्याला आधी तीनशे मीटर उडू द्या. ज्यात तो नक्की यशस्वी होईल असं छोटं काम द्या. चूक झाली तर ती परतण्याची चूक आहे हे ओळखा. आणि पालकांनो, त्याचा गृहपाठ स्वतः करून देऊ नका. विल्बरसारखं बाजूला उभं राहा. हे सगळ्यात अवघड आहे, पण जमवायला हवं.

वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर मुलांशी बोलण्यासाठी काही प्रश्न देत आहे:

१. विल्बरने परत आल्यावर पहिल्याच दिवशी लांब उड्डाण का केलं नसेल?
२. झोपून विमान चालवणं आणि बसून चालवणं यात हातांना काय वेगळं शिकावं लागलं?
३. फोर्ट मायरला विल्बरने स्वतः विमान का उडवलं नाही?
४. तुम्ही एखादी गोष्ट बरेच दिवस सोडून पुन्हा सुरू केली आहे का? पहिल्या दिवशी काय झालं?

चौथ्या प्रश्नाला सगळ्यांना बोलू द्या. पोहणं, सायकल, पाढे, ढोलकी, काहीही निघेल. आणि जे मूल नुकतंच शाळेत परत आलं आहे, त्याच्या लक्षात येईल की परत येणारे आपण एकटेच नाही.